दोष बॉक्सचा

"अजून," राव म्हणाले.

स्टेजवर रंगाने चिपळी माइकसमोर धरून पुन्हा वाजवली. चौथ्या रांगेत बसलेल्या माझ्या दाढेतून कळ गेली. मी हात वर केलेला होता, तो तसाच ठेवला.

"अजून," राव म्हणाले, आणि मिक्सरवरचं बटण आणखी उजवीकडे फिरलं.

ही आमची पद्धत. आमची म्हणजे रावांची, मी लग्नापासून त्यात ओढली गेलेली. हॉल कुठलाही असो, गाणारा कुणीही असो, साउंड लावताना राव आधी चिपळी वाजवून बघतात. त्यांचे मामा तंजावरचे हरिकथा सांगणारे. मामांची चिपळी शेवटच्या रांगेला स्वच्छ ऐकू गेली की तोंडातला शब्दही तिथे पोचला, असं त्या घरात मानायचे. तेव्हा रंगा स्टेजवर चिपळी वाजवतो, राव हॉलच्या मागच्या बाजूला मिक्सरवर बसून ट्रेबल, म्हणजे बारीक, टोकदार आवाज, चढवत नेतात आणि मी मधे कुठेतरी खुर्चीत बसते. आवाज बरोबर आला की मी हात वर करायचा, त्यांनी थांबायचं. मी मद्रासजवळच्या आवडी गावच्या डिफेन्स फॅक्टरीत अकाउंट्सला आहे, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या हातावर रावांचा फार विश्वास होता. होता म्हणते, कारण गेली दोन वर्षं माझा हात वर असतो आणि राव बटण फिरवतच असतात.

रंगा माझ्याकडे बघत होता. तो रावांचा जुना माणूस, वयानेही जवळजवळ त्यांच्याएवढा; बॉक्स उचलणं, वायरी ओढणं सगळं त्याच्याकडे. प्रत्येक टोल्याला त्याचेही डोळे मिटत होते. पण तो बोलायचा नाही. कुणीच बोलायचं नाही असं जणू ठरलेलं होतं, आणि त्यात एकजात सगळी चांगली माणसं सामील होती. मला संताप यायचा तो याचाच.

तेवढ्यात राममूर्ती आले. टी. नगरमधल्या या सभेचे, म्हणजे गाण्याच्या संस्थेचे, सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले, कमरेला वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं पांढरं धोतर, तेही कडक इस्त्रीचं. डिसेंबर उजाडला की मद्रासच्या सगळ्या सभांमध्ये गाण्याचा सीझन सुरू होतो आणि तेवढा महिना राममूर्ती जमिनीवरून चालत नाहीत. आज ते कानात बोट घालूनच आत शिरले.

"राव सार, बॉक्स फार ओरडतात," ते म्हणाले. बाहेरचं आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये चालतं, मी ते मराठीत सांगते आहे. "जुने झाले हो. किती दिवस चालवणार? आता सगळीकडे नवीन सिस्टीम आली. लहान लहान बॉक्स, छतापासून माळेसारखे टांगतात. आवाज कसा मऊ येतो."

राव मिक्सरवरून उठले. "माझे बॉक्स ओरडतात?"

"तसं नाही, पण लोक म्हणतात..."

"कोण लोक? या बॉक्सवर केवढे केवढे गाऊन गेले, तेव्हा तुम्ही बँकेत पासबुकं भरत होता. ओरडतात म्हणे. त्या तुमच्या माळा लग्नाच्या मांडवात टांगा."

स्टेजच्या दोन्ही बाजूंना ते बॉक्स उभे होते, माझ्या खांद्याइतके उंच. खाली जाड प्लायवूडचं खोकं, त्यात मोठा स्पीकर. वर काळ्या पत्र्याचा कर्णा, त्याचं तोंड परातीएवढं. माउंट रोडचं एक जुनं थिएटर बंद पडलं तेव्हा रावांनी ते उचलले आणि सुताराकडून नवी खोकी करून घेतली. आमच्या लग्नात मला चार बांगड्या आल्या आणि घरात चार बॉक्स आले. सरकारी क्वार्टर माझ्या नावावर, पण कार्यक्रम नसला की त्यात ऐसपैस राहतात ते बॉक्स. एकावर टीव्ही, एकावर लोणच्याच्या बरण्या, दोन व्हरांड्यात ताडपत्रीखाली. क्वार्टर तपासायला माणूस येतो त्याला मी दर वर्षी सांगते, हे सामान उद्या जाणार आहे. आयुष्यभर मी त्या बॉक्सना शिव्या घातल्या. पण खोटं कशाला बोलू, ते ओरडत नव्हते.

मी राममूर्तींच्या मागोमाग बाहेर गेले. कँटीनपाशी त्यांना गाठलं.

"तुम्हाला ठाऊक आहे ना बॉक्सचं काही बिघडलेलं नाही?"

त्यांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. इकडेतिकडे बघितलं. "मामी," ते म्हणाले; इथे वयाने मोठ्या बाईला सगळेच मामी म्हणतात. "इतक्या वर्षांचा माणूस. त्यांना तोंडावर कसं सांगणार, की कान गेले? बॉक्स जुने झाले म्हटलं की माणसाचा मान राहतो."

"कुठे राहतो? आत जाऊन बघा. रोज कुणाशी तरी भांडतात ते त्या बॉक्ससाठी."

"तुम्हीच सांगा ना घरी," राममूर्ती हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही बायको आहात."

वा. म्हणजे सगळ्यांनी चांगलं राहायचं आणि वाईट व्हायचं विमलाने. मी त्यांना म्हटलं की तुमची कॉफी निवते आहे, ती प्या, आणि आत आले.

मी सांगितलं नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी सगळ्यात आधी माझ्याच लक्षात आलं. राव स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले, शेजारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतो आहे, आणि मी बाहेरून ओरडते आहे की गॅस बंद करा. त्यांनी मान वर केली ती मी आत येऊन बंद केल्यावर. बोललेलं सगळं ऐकू यायचं, फोनवर तासतास गप्पा व्हायच्या. फक्त बारीक आवाज गेले होते. डास, मोबाइलची रिंग, रुचाच्या पैंजणांचा आवाज. रुचा आमची मुलगी, ती बंगलोरहून सुट्टीला आली तेव्हा तिच्याही लक्षात आलं. मी एक दिवस धीर करून म्हटलं, "अहो, एकदा कान दाखवून येऊ या का?"

"कशास?" राव म्हणाले. त्यांचं मराठी तंजावरचं, तीनशे वर्षांमागचं. माझ्या माहेरी बार्शीला ते बोलायला लागले की पोरी तोंडात पदर कोंबायच्या. "डाक्टर मला कान म्हणजे काय तें शिकवणार? ह्या कानांवर मी पोट भरलें."

"पोट माझ्या पगारावर भरलं," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. त्यानंतर दोन दिवस ते घरात जेवले नाहीत. आवडी स्टेशनवरच्या हॉटेलात जाऊन इडली खाऊन यायचे आणि ती इडली खाल्लेली मला कळावी म्हणून दारात मोठ्याने ढेकर द्यायचे. मग मीही विषय सोडला. सोडला म्हणजे, गिळला.

साउंड लावून झाला त्या दुपारी विद्यालक्ष्मी बाईंची हरिकथा होती. सलग तीन दिवस, रुक्मिणी कल्याणम, म्हणजे आपलं रुक्मिणीस्वयंवर. बाई साठीच्या, अंगाने भरलेल्या, आवाज अजून खणखणीत. तमिळमध्ये कथा सांगता सांगता मधेच मराठी साकी नि दिंडी म्हणतात. ही तंजावरची जुनी रीत. त्या मराठीचा अर्थ समोरच्यांपैकी आम्हा चार घरांना काय तो कळतो, पण ती आल्याशिवाय कथा पुरी होत नाही. बाईंनी राममूर्तींना बजावलं होतं की साउंड राव सारांचाच पाहिजे. म्हणून तर नव्या माळा टळल्या होत्या.

हॉल भरला. बाईंनी पहिलाच श्लोक म्हटला आणि पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात घेतले. एकेक 'स' पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. व्हायोलिन तर ऐकवत नव्हतं. मी वळून मागे बघितलं. राव मिक्सरवर पुढे झुकून बसले होते, कपाळावर घाम. त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीची ती आठी दिसली, आवाज अजून नीट येत नाही म्हणणारी.

मग माइकने शिट्टी धरली. बारीक, सरळ, थांबायचं नाव नाही. शेकडो माना मागे वळल्या. राव शांतपणे स्टेजकडे बघत होते. त्यांना लोक आपल्याकडे का बघतात हेच कळत नव्हतं. त्यांनी एकदा स्वतःच्या शर्टाच्या बटणांकडे बघितलं.

विद्यालक्ष्मी बाई थांबल्या. त्यांनी रावांकडे बघून हसतच कानाला हात लावला.

आता इथे सांगायला हवं की स्टेजवरच्या लोकांची एक खूण असते. गाणाऱ्याने कानाकडे बोट केलं म्हणजे मला माझा आवाज येत नाही, वाढवा. बाई म्हणत होत्या, कान फुटले. आणि राव ज्या धंद्यात मुरले त्या धंद्याची खूण वाचून त्यांनी मान हलवली, आणि वाढवलं.

त्यानंतर काय झालं ते मला सांगावंसं वाटत नाही, पण सांगते. कुणाच्या तरी हातातला पंखा पडला. एक मामी उठून, रांगेतले गुडघे ओलांडत, बाहेर गेली, तिच्यामागे आणखी दोघी. राममूर्ती मधल्या वाटेने वेष्टी सावरत धावत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मिक्सरचं मेन बटण बंद केलं. बाईंनी माइक बाजूला सारला आणि उरलेली कथा मोकळ्या गळ्याने सांगितली. मागच्या अर्ध्या हॉलला ती ऐकू गेली नाही. मागचा अर्धा हॉल हळूहळू उठून गेला.

संध्याकाळी आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच राममूर्तींचा फोन आला. तो मी घेतला. "मामी, उद्यापासून एका कंपनीचा साउंड बोलावलाय. रावांना सांगा, बॉक्सना आता विश्रांती द्या."

मी रावांना शब्दन्‌शब्द सांगितलं. राव खुर्चीत बसले होते ते उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले.

"बॉक्सना विश्रांती," ते म्हणाले. "त्या माइकाला रोग, त्या हॉलाला रोग, आणि दोष माझ्या बॉक्सांस. उद्या मी जाऊन माझे बॉक्स घेऊन येतों. एक दिवस ठेवणार नाहीं तिथें."

मी आत गेले. ताटं वाढली. ती तशीच निवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन आम्ही सभेत गेलो. रंगा मागे, राव पुढे ड्रायव्हरशेजारी, मी त्यांच्या शेजारी. मला यायचं काही कारण नव्हतं. पण राव राममूर्तींच्या अंगावर हात टाकतील अशी मला भीती होती, आणि खरं सांगायचं तर तो टाकताना बघायचीही इच्छा होती.

आत बघतो तर बॉक्स जागच्या जागी, आणि त्यांना वायरी जोडलेल्या. मागे मिक्सरच्या जागी एक नवा, टीव्हीसारखा पडदा असलेला मिक्सर आणि त्यावर एक तरुण माणूस, काळा टी-शर्ट घातलेला. राममूर्ती हात जोडूनच पुढे आले.

"राव सार, कंपनीचे सगळे बॉक्स आज दुसऱ्या सभांमध्ये अडकले. फक्त मिक्सर आणि हा कौशिक एवढंच मिळालं. आजच्या दिवस तुमचे बॉक्स राहू द्या. हात जोडतो."

मला वाटलं आता फुटतील. पण रावांच्या चेहऱ्यावर एकदम वेगळंच काही आलं. दुष्ट म्हणावं इतकं खूश.

"राहू द्या," ते म्हणाले. "बॉक्स माझे, हात त्याचा. बघू या त्याचा हात काय करतो."

आम्ही अगदी शेवटच्या रांगेत भिंतीशी बसलो. कौशिकने एक गाणं लावलं, हॉलभर चालून आला, जागोजागी थांबला, परत जाऊन काहीतरी खाली ओढलं. पुन्हा चालून आला.

"चिपळी वाजवून बघितली नाहीं," राव माझ्याकडे झुकून म्हणाले. "बघ आतां कसें पडतें तें."

हरिकथा सुरू झाली. आणि मी तुम्हाला काय सांगू, मला गाण्यातलं कळत नाही हे आधीच म्हटलं आहे. पण बाईंचा आवाज त्या काळ्या कर्ण्यांतून असा आला की जणू त्या आमच्या समोरच्या खुर्चीत बसून बोलत आहेत. श्वास घेतलेला कळत होता. चिपळी हातभर अंतरावर वाजावी तशी, सुकी, लाकडी, गोड. लग्नानंतर पहिल्यांदा राव मला एका कच्चेरीला, म्हणजे गाण्याच्या मैफलीला, घेऊन गेले होते, तेव्हा या बॉक्सचा असाच आवाज होता. मी विसरून गेले होते.

"ढोलींतून बोलल्यासारखें येतें," राव म्हणाले. "कसला दम नाहीं. चिपळी तर नाहींच. आतां उठतील लोक."

लोक उठले नाहीत. राव वाट बघत होते. एक रांग बघत, मग दुसरी. काल उठून गेलेली मामी आज दुसऱ्या रांगेत होती, तिची मान डुलत होती. एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. राममूर्ती भिंतीला टेकून, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून उभे. कौशिक हाताची घडी घालून बसला होता, बटणाला हातसुद्धा लावत नव्हता. राव एकेका चेहऱ्याकडे बघत गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग स्टेजवर विद्यालक्ष्मी बाईंच्या चिपळी धरलेल्या उजव्या हाताकडे. तो हात मिटत होता, उघडत होता, मिटत होता.

"विमला," ते म्हणाले, "चिपळी ऐकूं येते?"

दोन वर्षांचा राग एकदम वर आला. राममूर्तींचा, रंगाचा, त्या मामीचा, रावांच्या इडलीचा. सगळे मागे सरकले होते आणि हे सांगणं माझ्यापाशी येऊन थांबलं होतं. नाही म्हटलं असतं तर अजून एक वर्ष निघालं असतं.

"येते," मी म्हटलं.

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

त्यांनी मान हलवली. पुढचा तासभर ते त्या हाताकडे बघत बसले.

कथा संपल्यावर लोकांनी रावांना घेरलं. आज बॉक्स काय वाजले राव सार, जुनं ते जुनंच, वगैरे वगैरे. कौशिकही आला. मुलगा भला होता. "अंकल, आवाजाचा हा मधला भाग आमच्या नव्या बॉक्सला येत नाही," तो म्हणाला. "हे विकू नका कुणाला."

राममूर्ती तर विरघळूनच गेले होते. "बघा, मी उगाच बॉक्सना नावं ठेवली. दोष तुमच्या मिक्सरचा होता. जुना झालाय तो. नवीन घेऊन टाका, पुढच्या सीझनला तुम्हीच."

म्हणजे आता मिक्सर. बॉक्स सुटले तर मिक्सर धरला. माझ्या हातात पर्स होती, ती मी त्यांच्या डोक्यात घालणार होते.

"ट्रेबल कुठे ठेवलंस?" रावांनी कौशिकला विचारलं.

कौशिकने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मध्याच्याही खाली.

"काल मी पार टोकाला नेलं होतं," राव म्हणाले. मग राममूर्तींकडे वळले. आवाज चढला नव्हता. "बॉक्स चांगले आहेत. मिक्सरही चांगला आहे. माझे कान गेले आहेत."

"छे छे, राव सार, असं काय बोलता..."

"पुरे. दोन वर्षं तुम्ही माझ्या बॉक्सना शिव्या दिल्यात आणि मी त्यांच्यासाठी सगळ्या मद्रासशी भांडलो. माझी लाज राखायची होती तुम्हाला. काल पाचशे माणसांसमोर शिट्टी वाजली आणि मी शर्टाची बटणं बघत होतो. ही राखली तुम्ही लाज?"

राममूर्तींनी मान खाली घातली. रंगा स्टेजच्या कडेला उगाचच एक वायर गुंडाळत होता, ती गुंडाळलेलीच होती.

बॉक्स शेवटच्या दिवसासाठी तिथेच ठेवून टेम्पो परत पाठवला आणि आम्ही सेंट्रल स्टेशनवर आवडीच्या लोकलची वाट बघत बाकावर बसलो. राव रुळांकडे बघत होते. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतें."

"होतं."

"सांगितलें नाहींस."

मग मात्र मी फुटले. "सांगितलं होतं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. दर वेळी हात वर करून बसत होते, तो तुम्हाला दिसत नव्हता? त्यालाही कान लागतात? सगळं जग गोड राहतं आणि वाईट बोलायला मी. का मी? मला काय हौस आहे?" मी चांगली मोठ्याने बोलत होते. फलाटावरचे लोक बघायला लागले. बघू देत; मराठी कुणाला कळत होतं?

राव माझं संपेपर्यंत थांबले. "तूं भाजीवाल्याशीं भांडतेस," ते म्हणाले. "फॅक्टरींत आफिसराशीं भांडतेस. माझ्याशीं रोज भांडतेस. ह्यावरच कां भांडली नाहींस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला त्यांना द्यायचं नव्हतं. पण दिलं.

"मग तुमच्याकडे राहिलं काय असतं?"

गाडी आली. ते उठले, आणि चढताना त्यांनी माझी पर्स स्वतःच्या हातात घेतली. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच राव अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "कथेला जायचें," म्हणाले. मी रजा टाकली. सभेच्या दाराशी एक नवा स्वयंसेवक उभा होता, छातीला बिल्ला लावलेला. त्याने हात आडवा केला.

"तिकीट?"

मी पुढे झाले. "कुणाला विचारतोस? ह्या सभेत हे यायला लागले तेव्हा तू जन्मला नव्हतास. आतले बॉक्स कुणाचे आहेत विचारून ये जा. बोलाव तुझ्या राममूर्तींना."

"विमला," राव म्हणाले. "त्याचें काम आहे तें."

ते मला बाजूला घेऊन तिकिटाच्या खिडकीकडे गेले. खिडकीसमोर रांग होती. आयुष्यभर मागच्या दाराने वायरी खांद्यावर घेऊन आत जाणारा माणूस त्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. पुढचा सरकला की एक पाऊल सरकायचा. मला इतका राग येत होता की डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा राग, ते आता सांगता येत नाही.

खिडकीतल्या माणसाने त्यांना ओळखलं. "राव सार, तुम्हाला कसलं तिकीट? आत जा."

"दोन," राव म्हणाले. "बाल्कनीच्या खालची. डाव्या हाताच्या कोपऱ्यातली."

"तिथे नीट ऐकू येत नाही सार. पुढची देतो."

"तीच द्या."

आम्ही जाऊन बसलो. वर बाल्कनीचं छत इतकं खाली की अंधारून येत होतं. समोर, चार रांगा पुढे, कौशिकची पाठ दिसत होती. राव मला हळूच म्हणाले, "हा कोपरा माझ्या जन्माचा वैरी. सगळा हॉल आवाजानें भरतो, इथें कधीं भरला नाहीं. कुणास सांगितलें नव्हतें."

विद्यालक्ष्मी बाई आल्या, वंदन झालं, कथा सुरू झाली. आज रुक्मिणीचं पत्र घेऊन ब्राह्मण द्वारकेला निघाला होता. राव हात गुडघ्यांवर ठेवून, पुढे झुकून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इथें पोचतें का?"

मी कान देऊन ऐकलं. खोटं बोलणं फार सोपं होतं, माझ्या जिभेवरच होतं.

"नाही," मी म्हटलं. "सूर येतो. शब्द तुटतात."

राव उठले. अर्धे उठले, पुढच्या खुर्चीची पाठ हाताने धरून; कौशिक हाकेच्या अंतरावर होता. त्या खुर्चीतल्या बाईने वळून बघितलं. राव तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी हात काढून घेतला.

"कळेल त्याचें त्यास," ते म्हणाले, आणि बसून खुर्चीला पाठ टेकली.